स्टिअरिंग हलकं आहे

माझे बाबा मिस्त्री आहेत, आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला "काळजी करू नका" असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. बाकीच्या गॅरेजांत हे वाक्य पाण्याच्या ग्लासाबरोबर मिळतं. बाबा मात्र बॉनेटमधून डोकं बाहेर काढून म्हणतात, "काळजी करा. मीपण करतोय." नवीन गिऱ्हाईक हे ऐकून दचकतं. जुनं गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं.

सगळे त्यांना पंजा मिस्त्री म्हणतात. अंगाने ते काही पैलवान नाहीत, खांदे तर उतरतेच आहेत, पण कोपराच्या खाली जो हात सुरू होतो तो दुसऱ्याच कुणाचा असावा इतका मोठा आहे. विशीत ते ट्रकच्या गॅरेजात लागले तेव्हा स्टिअरिंगला पॉवर-बिवर काही नव्हतं. भरलेला ट्रक जागच्या जागी वळवायचा तर दोन माणसं स्टिअरिंगला लटकायची, आणि बाबा एकटे वळवायचे. त्याचा त्रास आम्ही घरी भोगला. बरणीचं झाकण बाबांनी लावलं की ती बरणी आमच्यापुरती संपली. आई चिमट्याने ठोकायची, मी फडकं गुंडाळून झटायची, शेवटी संध्याकाळी तेच येऊन दोन बोटांनी उघडायचे आणि वर म्हणायचे, "मी कुठे घट्ट लावलं होतं? नुसतं ठेवलं होतं."

त्यांचा एक नियम आहे. ब्रेकचं किंवा स्टिअरिंगचं काम केलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी घरचं माणूस शेजारी बसवून चालवायची. हा नियम त्यांच्या उस्तादांचा. बाबा नवीन असताना त्यांच्या हातून एका गाडीचा नट अर्धवट आवळला गेला होता, आणि ती गाडी भिंतीवर गेली. कुणाला लागलं नाही. पण उस्ताद म्हणाले होते, "ज्या गाडीत स्वतःची बायको बसवणार नाहीस, ती दुसऱ्याला देऊ नकोस." बाबांचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. झाल्यावर मात्र त्यांनी आईला जे बसवायला सुरुवात केली ते तिचे गुडघे जाईपर्यंत. आई म्हणते, "मी आयुष्यात शेकडो गाड्यांत बसले आणि कुठेही पोचले नाही. प्रत्येक गाडी फिरून परत ह्यांच्याच दारात."

आईचे गुडघे गेले आणि त्या सीटवर मी आले.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून चार वर्षं गाड्यांच्या एका शोरूममध्ये टेबलामागे बसून, हसून हसून गाल दुखल्यावर घरी परतले आणि जाहीर केलं की मी गॅरेजात काम करणार. बाबा नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे काम हाताचं आहे." झालं. हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते निघेना. शेजारचा वेल्डर मला मॅडम म्हणायचा, ते मी हसून घालवायची. बाबांचं ते एक वाक्य मात्र मी दोन वर्षं हातावर वागवलं. घट्ट नट असला की त्यांची पाठ वळेपर्यंत थांबायची, मग पान्याला लांब पाइप लावून, वर पाय देऊन सोडवायची, आणि ते वळले की नट बोटात फिरवत उभी राहायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. अशा मुठी झाकायचा मला छान सराव झाला होता.

एका मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या बाई आपली अठरा वर्षांची निळी गाडी घेऊन आल्या. बाई नुकत्याच निवृत्त झालेल्या, अंगाने काडी. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल पडायचा, म्हणून त्यांनी सुईने आणखी एक भोक पाडून घेतलं होतं. आमचं गाव डोंगरावर आणि मोठं हॉस्पिटल खाली सपाटीला, मधे सात वळणांचा घाट. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्या आपल्या मिस्टरांना डायलिसिसला खाली न्यायच्या. भाड्याच्या गाडीवाल्यांनी दोनदा ऐन वेळी दगा दिला होता, तेव्हापासून त्या स्वतःच चालवायच्या. एक पाळी चुकली की मिस्टरांच्या पायांवर सूज चढायची आणि रात्रभर आडवं होता यायचं नाही.

"येताना प्रत्येक वळणावर रडत होती," बाई म्हणाल्या. "गाडी. मी नाही."

बाबांनी खाली वाकून बघितलं. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाला तडा गेला होता आणि सगळं तेल घाटभर सांडत आलं होतं. हा पंप आता बनत नाही. मोडीत काढलेल्या गाड्यांच्या एका आवारात बाबांनी फोन लावला. पंप होता, पण सोडवून, तपासून पाठवायला आठ दिवस लागणार होते.

"परवा दहा वाजता ह्यांचा नंबर आहे," बाई म्हणाल्या.

"मी सोडीन तुम्हाला खाली. आठ दिवस."

"मिस्त्री, तुमचं गॅरेज सोडून तुम्ही कशाला? मला गाडी येते. तुम्ही फक्त ती चालती करा."

बाबा बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "पॉवर काढून देता येईल. पण स्टिअरिंग जड होईल. साध्या जुन्या गाडीपेक्षाही जड. साधं स्टिअरिंग जास्त फेऱ्या घेतं म्हणून हलकं पडतं, हे कमी फेऱ्यांत वळतं."

"किती जड?"

"ते करून बघितल्यावर सांगतो," बाबा म्हणाले.

बुधवारी आम्ही पॉवर काढली. काम तसं अवघड नाही. पंपाचा बेल्ट उतरवला, पंप सोडवून बाजूला ठेवला. खाली रॅकला, म्हणजे चाकं डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या दांड्याच्या नळकांड्याला, तेलाच्या दोन वाटा असतात. बाबांनी मला विचारलं, "ह्यांची तोंडं बंद केली तर?" मी म्हटलं, तेल आत अडकेल आणि स्टिअरिंग दगड होईल. ते खूश झाले. आम्ही दोन्ही वाटांना एकच नळी फिरवून जोडली, म्हणजे तेल आतल्या आत इकडून तिकडे जाईल. नळीच्या पट्ट्या मी आवळल्या. त्यांनी एकदाही पुन्हा आवळून बघितल्या नाहीत, आणि त्या गोष्टीने मी दुपारभर फुगून होते.

मग जुन्या गोदामामागच्या पटांगणात आम्ही गाडी नेली. नेहमीसारखी मी शेजारी, बाबा स्टिअरिंगवर. त्यांनी एका तळव्याने गाडी आठच्या आकड्यात फिरवली. "आहे थोडं जड," ते म्हणाले. "पण थोडंच, नाही?" मी काय सांगणार? मी बाजूच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसले होते. मग ते थांबले, उतरले आणि म्हणाले, "तू चालव."

चाचणीला स्टिअरिंग माझ्या हातात पहिल्यांदाच येत होतं. ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले, नळी कुठे घासते का ते ऐकायला. तिथून त्यांना टायर दिसत होता. मी दिसत नव्हते.

उभ्या गाडीत मी स्टिअरिंग वळवायला गेले आणि ते हललंच नाही. दोन्ही हातांनी ओढलं. जरासं सरकलं आणि परत आलं. मग मी सीटवरून अर्धी उठले, पाय खालच्या पत्र्याला रोवला आणि अंगाचं सगळं वजन उजव्या हातावर टाकलं. खांद्यात काहीतरी कट्‌ करून वाजलं. चाक वळलं. खाली बसलेल्या बाबांना एवढंच दिसलं, की चाक टोकापर्यंत वळलं. चालत्या गाडीत त्यामानाने बरं होतं, पण हळू वेगात आखूड वळण आलं की दंड थरथरायचे. दोन चकरा मारून मी थांबले तेव्हा पाठ घामाने भिजली होती.

"कसंय?" बाबांनी खिडकीशी येऊन विचारलं.

"हलकं आहे," मी म्हणाले.

"बाईंना जमेल?"

"मला जमलं ना."

"नक्की?"

"नक्की."

असं मी का म्हणाले? ह्या प्रश्नाला मी नंतर पुष्कळ उत्तरं काढली, त्यातली निम्मी स्वतःला वाचवणारी होती. खरं उत्तर एका ओळीचं आहे. जड आहे म्हणाले असते, तर हे काम हाताचं आहे हे बाबांचं म्हणणं खरं ठरलं असतं. बाबांनी मान हलवली, बॉनेट लावलं, आणि घरी गेल्यावर आईला म्हणाले, "आज पोरीने गाडी पास केली." त्यांचा आवाज असा होता की आता तोंड उघडणं मला आणखी महाग झालं.

त्यानंतर मला चैन पडेना. मी मनाची समजूत घालत राहिले, की बाई आठवड्यातून तीनदा चालवतात, त्यांना सवय आहे, घाटात गाडी चालतीच असते, उभ्याने कुठे वळवायचंय. मग वळणं आठवायची. तिसरं आणि पाचवं वळण इतकं आखूड आहे, की तिथे गाडी जवळजवळ उभीच करावी लागते.

गुरुवारी सकाळी मी लवकर उठून गॅरेजात गेले आणि जे केलं ते त्या खोट्यापेक्षा वाईट होतं. गाडी फाटकाला आडवी उभी होती. बाई आल्यावर त्यांना ती वळवून काढावी लागली असती, आणि तिथेच सगळं उघड झालं असतं. मी थोडी मागे, थोडी पुढे करत, घाम गाळत ती सरळ रस्त्याकडे तोंड करून लावली. स्वतःला म्हटलं, बाईंना सोयीचं पडेल. चोराच्या मनात चांदणं.

नऊला शेजाऱ्यांनी त्या दोघांना आणून सोडलं. मिस्टरांच्या मांडीवर कायमची ती जाड फाईल. बाबांनी बाईंना नीट समजावलं. "उभ्या गाडीत वळवू नका. आधी जरा सरकू द्या, मग वळवा. वळण यायच्या आधीच वेग कमी करा. दोन्ही हात ठेवा. काळजी घ्या." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "माझे हात सोडा, पण हिने स्वतः चालवून बघितलीय. हिला हलकं लागलं."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. गाडी सरळच उभी होती, ती सरळ निघून गेली.

पंधराएक मिनिटांनी आई चहा घेऊन आली. बाबा एका टेम्पोखाली पाठीवर होते. मी डाव्या हाताने ग्लास घेतला.

"उजव्याला काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

"कालपासून खांदा चोळतेयस. काय उचललंस काल?"

टेम्पोखालचा पान्याचा आवाज थांबला. चाकांच्या फळीवरून बाबा सरकत बाहेर आले आणि आडवे असतानाच त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काल तर काही उचललं नव्हतं हिने," ते म्हणाले.

त्यांचं तसं खालून बघणं मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "बाबा, स्टिअरिंग जड होतं. उभ्या गाडीत मी उठून, पाय रोवून वळवलं. मला जमत नव्हतं."

ते ओरडले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग उठून खुंटीवरची व्हॅनची किल्ली घेतली. मी चालत्या व्हॅनमध्येच चढले.

घाटात मी बाईंना फोन लावत होते. रिंग जात होती. गाडी चालवताना फोन पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर, हा बाईंचा शिरस्ता मला माहीत होता. तरी मी लावत राहिले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बाबा एकदा तरी बोलले असते तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. पहिल्या वळणावर काहीच दिसलं नाही, तरी सुटल्यासारखं वाटलं नाही. दुसऱ्या वळणावर मी खिडकीतून वाकून कठड्याच्या पलीकडे बघितलं. झाडं आणि खूप खाली नदीचं पात्र. काय शोधत होते ते मला स्वतःशीही कबूल करवत नव्हतं.

तिसऱ्या वळणावर कठड्याच्या दगडाला निळा रंग लागलेला होता. ताजा.

"घासलीय," बाबा म्हणाले. गॅरेजातून निघाल्यापासूनचा तो पहिला शब्द.

चौथं वळण रिकामं गेलं. पाचव्याच्या आधी गाड्यांची रांग लागली होती. लोक उतरून पुढे चालत निघाले होते, आणि लोक असे चालतात ते कशासाठी हे सगळ्यांना माहीत असतं. मी व्हॅनमधून उडी टाकली. धावत सुटले. बाबा माझ्या पुढे होते.

पाचव्या वळणावर कठड्याचा एक तुकडा जुनाच पडलेला आहे, तिथे चुना फासलेलं एक पिंप ठेवलेलं असतं. पिंप आडवं पडलं होतं. निळी गाडी रस्त्यात तिरकी उभी, नाक त्या फटीकडे, आणि पुढचं चाक कडेपासून वीतभर अलीकडे. बाईंच्या मिस्टरांनी उतरून चाकाखाली एक दगड लावला होता आणि धाप लागली म्हणून ते दुसऱ्या दगडावर बसले होते, फाईल मांडीवर. आत बाई दोन्ही पाय ब्रेकवर दाबून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. एक ट्रकवाला खिडकीशी उभा राहून त्यांना समजावत होता.

"बाई, उतरा तुम्ही, मी घेतो मागे."

"ब्रेक सोडला तर गाडी जाईल," बाई समोर बघूनच म्हणाल्या. "हँडब्रेक धरत नाही हिचा उतारावर."

बाबांनी ट्रकवाल्याकडून चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे मागून घेतले आणि ते स्वतः गुडघ्यांवर बसून, दगडाने ठोकून, दोन्ही पुढच्या चाकांखाली पक्के केले. मागून मी आणखी दगड आणून दिले. मग ते खिडकीशी गेले. "बाई, मी आलोय. चाकांखाली ठोकळे पक्के बसवलेत. तुम्ही आता पाय उचला. हळू."

"मिस्त्री, नक्की?"

बाबांनी ठोकळ्यांकडे पुन्हा एकदा बघितलं. "नक्की."

बाईंनी पाय उचलले. गाडी बोटभर पुढे आली आणि ठोकळ्यांवर थांबली.

बाईंना उतरवावं लागलं. त्यांची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती, बाबांनी एकेक करून सोडवली. मग स्वतः आत बसून त्यांनी गाडी मागे घेतली. उभ्या उभ्या, सवयीने, एका हाताने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. फिरवलं आणि थांबले. त्या हाताकडे ते इतका वेळ बघत बसले, की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

निळी गाडी कडेला लावून आम्ही दोघांना व्हॅनमध्ये घेतलं. मिस्टर पुढे, बाई आणि मी मागे. अजून वेळ होता, दहाचा नंबर चुकणार नव्हता. बाईंचे हात मांडीवर पडले होते.

"दुसऱ्याच वळणावर हात भरून आले होते," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "तिसऱ्याला दगडाला घासली. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण म्हटलं, मिस्त्रींच्या मुलीला हलकं लागलं, म्हणजे माझंच काहीतरी कमी पडतंय. वय झालं. ह्यांनासुद्धा बोलले नाही."

"बोलली असतीस तर मी चालत गेलो असतो," पुढून मिस्टर म्हणाले. "उतारच तर आहे."

मी म्हटलं, "बाई, हलकं नव्हतं. मलाही जमत नव्हतं. मी बाबांना खोटं सांगितलं. आणि सकाळी गाडी सरळ लावून ठेवली ती तुम्हाला कळू नये म्हणून."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता त्या काहीतरी लागेल असं बोलतील आणि मी ते घेऊन मोकळी होईन. त्या म्हणाल्या, "हे काल सांगायचं होतंस गं." मग पुढे वाकून त्यांनी मिस्टरांकडची फाईल घेतली आणि हॉस्पिटल येईपर्यंत तिचे कागद लावत बसल्या.

डायलिसिसला चार तास लागतात. बाई आत बसल्या. बाहेरच्या बाकावर मी आणि बाबा. समोर चाकाच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या होत्या, मी त्या तीन वेळा मोजल्या. शेवटी मीच म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, हे काम हाताचं आहे."

"कधी?"

"मी गॅरेजात आले तेव्हा. दोन वर्षांपूर्वी."

त्यांना आठवतच नव्हतं. मला रडू आलं ते तेव्हा.

"तुझी आई तीस वर्षं मला सांगतेय, झाकण हळू लावा," बाबा म्हणाले. "मी हळूच लावतो. तरी तुम्हाला उघडत नाही. तुम्हा दोघींना वाटतं मी मुद्दाम करतो. मला कळत नाही गं. जड म्हणजे काय ते माझ्या हातांना कळायचं कधीच बंद झालंय." त्यांनी दोन्ही पंजे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "बाईंएवढा हात आपल्या घरात तुझाच आहे. म्हणून तुला चालवायला लावली. तू दमलीस की नाही, तेवढंच मला हवं होतं."

मी दोन वर्षं जे त्यांच्यापासून लपवलं, तेच त्यांना माझ्याकडून हवं होतं. नंतर ते उठून पाणी घेऊन आले आणि बाटलीचं झाकण उघडूनच माझ्या हातात दिली.

पुढचे आठ दिवस बाबांनी त्या दोघांना व्हॅनमधून नेलं-आणलं. मीही जायची. बाई माझ्याशी हवापाण्याचं बोलायच्या, त्यापुढे नाही. मग पंप आला. आम्ही मधली नळी काढली, पंप बसवला, तेल भरलं, बेल्ट चढवला. पटांगणात निघताना बाबा गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. दारातून आई म्हणाली, "चला, माझी जागा गेली."

मी पूर्ण डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. बाबा टायरकडे बघत नव्हते, रस्त्याकडेही नाही. माझ्या दंडांकडे बघत होते.

"कसंय?"

"डावीकडे टोकाला अडतंय. थोडंच, पण जड लागतंय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी उतरून बॉनेट उघडलं आणि तेलाच्या डब्याचं झाकण काढलं. तेलात बुडबुडे होते, नळीत हवा राहिली होती. आम्ही ती काढत बसलो, चाक डावीकडे, उजवीकडे, तासभर. शेवटी स्टिअरिंग एका बोटाने फिरायला लागलं. माझ्या एका बोटाने.

शनिवारी बाई गाडी न्यायला आल्या. मिस्टर फाईल घेऊन फाटकापाशी उभे. ह्या वेळी मी गाडी फाटकाला आडवी लावली होती, मुद्दाम. बाबांनी किल्ली पुढे केली आणि नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली, "हिने चालवून बघितलीय, हिला..."

"थांबा, मिस्त्री," बाई म्हणाल्या.

त्या आत बसल्या. गाडी उभीच होती. त्यांनी स्टिअरिंग सावकाश पूर्ण डावीकडे नेलं, तिथे थोडा वेळ धरलं, मग पूर्ण उजवीकडे. तसं दोनदा. मग तिसऱ्यांदा. मी फाटक धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला काही विचारलंही नाही. बाबांनी बोलणं अर्धवट सोडून हात मागे बांधले होते.

चौथ्यांदा फिरवून झाल्यावर बाईंनी खिडकीतून हाक मारली, "या हो, बसा आता."